बावीसाठी चांगली बाटली

आमच्या कॉलेजात सायन्स कम्युनिकेशनचा पेपर आला तेव्हा सगळ्यात जास्त नाक मुरडलं ते मी. केमिस्ट्रीच्या पोरांनी ब्युरेट धरायची, आकडा काढायचा आणि हात धुऊन घरी जायचं. त्या आकड्याची गावभर दवंडी पिटणं हे त्यांचं काम नव्हे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि स्टाफरूममध्ये ते मी प्रत्येकाला चहाबरोबर पाजत असे. मी देवदत्त, इनऑर्गॅनिक शिकवतो, रिटायरमेंटला आलेला माणूस. अशा माणसाच्या मताला लोक मान डोलावतात आणि आपापल्या तासाला निघून जातात.

पेपर उमाच्या गळ्यात पडला. उमा एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता शेजारच्या टेबलावर बसते. एम.एस्सी.ला ॲनालिटिकल केमिस्ट्री ती शिकवायचीच, त्यात ही भर. पण तिने कुरकुर केली नाही. उलट सुट्टीत कुठलं कुठलं वाचून आली, पोरांना काय काय करायला लावायचं ते ठरवून आली. मी म्हटलं, "आता रील काढायला शिकवणार का तू?" तर म्हणाली, "लागलं तर तेही शिकवीन, सर."

ॲनालिटिकलच्या तासाला उमा म्हणजे खाष्ट सासू. ब्युरेटच्या टोकाला लटकलेला थेंब तिला दारातून दिसायचा. "एका रीडिंगला रीडिंग म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात. तीन जुळल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." हे वाक्य मूळचं माझं, पण तिच्या तोंडी त्याला धार चढली होती. आणि कम्युनिकेशनच्या तासाला हीच बाई माहेरवाशिणीसारखी मोकळी. वर्गात फिरायची, हसायची, पोरांना आपापल्या घरच्या बोलीत बोलायला लावायची. "लोकांना तुमचे जर-तर ऐकायचे नसतात," म्हणायची. "पहिल्या वाक्यात मुद्दा सांगा. घाबरत सांगाल तर कोणी ऐकणार नाही." एकाच आठवड्यात एकाच बाईकडून पोरं या दोन्ही गोष्टी शिकत होती. त्यात काही विसंगत आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

त्या वर्षी तिने एक प्रोजेक्ट दिलं. आपल्या घरचं पाणी तपासायचं आणि निकाल आपल्या माणसांना पटेल असा सांगायचा. तपासण्याचे मार्क ॲनालिटिकलमध्ये, सांगण्याचे मार्क कम्युनिकेशनमध्ये. कल्पना झकास होती. आमच्याकडे पोरं येतात अंबरनाथहून, बदलापूरहून, उल्हासनगर कॅम्पातल्या चाळींतून, आणि प्रत्येकाच्या घरी पाण्याची काही ना काही रड असतेच. उल्हासनगरच्या एका पोराने तर बापाच्या दुकानात उभं राहून अर्ध्या सिंधीत, अर्ध्या हिंदीत टाकी धुण्यावर असं भाषण ठोकलं की गिऱ्हाइकं माल घ्यायचा विसरून ऐकत राहिली. मी ते मोबाइलवर पाहिलं आणि हसलो. नाक मुरडणं तेव्हापासून जरा कमी केलं.

वर्गात सगळ्यात पुढे होती प्राची. बदलापूर पूर्वेच्या शिरगावची, आगरी घरातली. तिच्या घरामागे विहीर होती. घरी तिला बाव म्हणतात. प्राचीचे आजोबा हरिचंद्र यांनी भावांना हाताशी धरून ती खणलेली. पुढे आजूबाजूची जमीन विकली गेली, तिच्यावर सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मधोमध ही एक बाव आणि एक कौलारू घर तेवढं राहिलं. हरिचंद्र गेले तेव्हा मुलांकडून शब्द घेऊन गेले होते की, जोवर पाणी गोड आहे तोवर बाव बुजवायची नाही.

त्या शब्दाची राखण करत बसली होती त्यांची बायको, मोतीबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने त्या बावीशिवाय दुसरं पाणी प्यायलं नव्हतं. नळ आला तरी तिचा हंडा बावीवरच. धाकटा मुलगा भावेश, म्हणजे प्राचीचा काका, अधूनमधून विषय काढायचा. वाईट माणूस नव्हे तो. दोन पोरं, एक सून, घरात जागा कमी. बाव बुजवली तर पुढे चार गाळे निघतील आणि गाड्याही लागतील, असा त्याचा साधा हिशोब. मोतीबाई त्याच्या पुढ्यात तांब्या ठेवायची आणि म्हणायची, "पिऊन बग. गोड हाय का नाय?" तो प्यायचा आणि कामाला निघून जायचा. तिच्याकडे तेवढा एकच मुद्दा होता आणि आजवर तो पुरला होता.

आणि मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवले गाणारी बाई लागतेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. कुळगावपासून अंबरनाथच्या गावांपर्यंत मोतीबाईला बोलावणी असत. वय झालं तरी आवाज खणखणीत. तोच आवाज प्राचीने घेतला होता. ही पोरगी प्रेझेंटेशनला उभी राहिली की पंखा बंद केल्यासारखा वर्ग शांत व्हायचा.

बाकीच्या पोरांनी पाण्याचा जडपणा, क्लोरीन असलं मोजलं; प्राचीने बावीच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे खतातून-सांडपाण्यातून झिरपणारा क्षार, तपासलं, तुलनेसाठी नळाचंही तपासलं. नळाचं ठीक निघालं. बावीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. आमच्या पद्धतीत पाणी बशीत आटवून वर रसायन घालतात; नायट्रेट असलं की पिवळा रंग चढतो, जितकं जास्त तितका गडद. प्राचीची बशी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली होती. असं पाणी मोठ्या माणसाला फारसं काही करत नाही, पण तान्ह्या बाळाला पाजलं तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, बाळ निळं पडू लागतं. आणि भावेशची सून तेव्हा पोटुशी होती.

पोरगी रडवेली होऊन उमाकडे आली. उमाने तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "रडायचं काय? तुला कळलं हे नशीब. आता असं सांग की घरातल्या प्रत्येकाला पटलं पाहिजे." प्राचीने घरी बोलायचं भाषण लिहून आणलं. चांगलं लिहिलं होतं. शेवटी एक वाक्य होतं, "पण ही तपासणी एकाच बाटलीतल्या पाण्याची आहे, पुन्हा करून बघायला हवी." ते उमाने तांबड्या पेनाने कापलं. मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "हे वाक्य असलं ना, की तुझा काका म्हणेल, मग पुन्हा करून झाल्यावर सांग. आणि तोवर बाळ यायचं. मुद्दा पातळ करू नकोस."

ॲनालिटिकलवाल्या उमाने ते वाक्य कापू दिलं नसतं. पण ॲनालिटिकलचे मार्क तेव्हा देऊन झाले होते. प्राचीचा हात किती स्वच्छ, मोजमाप किती नीट, याचे मार्क; आकडा खरा की खोटा, याचे नाहीत, कारण घरच्या पाण्याचा खरा आकडा कुणाला ठाऊक असणार? तिकडे तपासणी संपली आणि इकडे सांगणं सुरू झालं. मधल्या उंबरठ्यावर कुणी उभंच नव्हतं.

मार्क द्यायला म्हणून उमा शिरगावला प्राचीच्या घरी गेली. प्राची बोलली, सगळ्यांनी ऐकलं, भावेशने तर दोनदा विचारलं, "म्हंजे पानी गोड नाय, असाच ना?" मोतीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने बावीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मना ता गोडंच लागतं." मग उमानेच तिला समजावलं की हे विष जिभेला कळत नाही. आणि निघताना तिच्या डोक्यात आलं ते ती बोलून गेली, "आजी, तुम्ही धवले गाता. हे जर तुम्ही गाण्यात बसवलंत तर आजूबाजूच्या गावांतल्या किती बाया आपापलं पाणी तपासून घेतील!"

मोतीबाई पहिल्यांदा नाहीच म्हणाली. लग्नाच्या मांडवात असलं वंगाळ कसं गायचं? बावीचं नाव मांडवात घेतात ते तिची पूजा करायला, नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणायला. तिला नावं ठेवायला नव्हे. पण नातसुनेचे दिवस भरत आले तसं तिचं मन पालटलं. एके दुपारी तिने प्राचीला बसवून घेतलं आणि दोघींनी मिळून ओळी बांधल्या. प्राचीचा सख्खा भाऊ हितेश, त्याच्याच हळदीत त्या पहिल्यांदा गायल्या गेल्या.

"बावीचे कठड्याव गो, पोरी हांडा नको ठेवू
गोड गोड पानी गो, तान्या बालाला नको देवू"

मी त्या हळदीला होतो. मांडवात डीजे होता, तो बंद करून बायांनी हे गाणं पुन्हा गायला लावलं. त्या घरात पहिल्यांदाच नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी बावीचं नव्हतं. निळ्या झाकणाचा विकतचा जार आणला होता, त्याला हळदकुंकू लावलं होतं. मोतीबाई गात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायांना वाटलं नातवाच्या लग्नाचं. गाणं मोबाइलवरून फिरलं. त्या मोसमात अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कितीतरी मांडवांत ते वाजलं, आणि उमाने विद्यापीठाच्या एका परिषदेत ते पडद्यावर दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही त्या सभागृहात होतो. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

बाळ आलं, छान गुटगुटीत. बावीवर पत्रा पडला. मोतीबाई नळाचं पाणी प्यायला लागली आणि थोडं कमीच प्यायला लागली.

पुढचं वर्ष सुरू झालं. प्राची शेवटच्या वर्षाला गेली, नवी पोरं आली. श्रावणात उमाने नव्या वर्गाला ब्लँक शिकवायला घेतलं. ब्लँक म्हणजे नमुन्याच्या जागी शुद्ध डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि सगळी तपासणी तशीच करायची. त्यात काहीच सापडता कामा नये. सापडलं, तर खोट पाण्यात नाही, आपल्या हातात आहे. विक्रांत नावाच्या एका धांदरट पोराने डिस्टिल्ड वॉटर थेट घेण्याऐवजी नमुन्याच्या बाटलीत भरलं आणि तिथून घेतलं. बशी पिवळीधमक. वर्ग फिदीफिदी हसला. "मॅडम, विक्रांतने डिस्टिल्डमधून खत काढलं!"

मी शेजारच्या लॅबमध्ये होतो. हसण्याचा आवाज आला आणि मग तो एकदम थांबला म्हणून डोकावलो. उमा कोपऱ्यातल्या निळ्या पिंपासमोर उभी होती. त्या पिंपात सौम्य नायट्रिक ॲसिड असतं. अंबरनाथच्या कारखान्यांकडच्या नाल्यातलं शिसं, क्रोमियम असले धातू मोजायचे तर बाटल्या आधी ॲसिडमध्ये भिजवाव्या लागतात, नाहीतर बाटलीला चिकटलेला धातूच मोजला जातो. म्हणून आमच्या लॅबची रीतच पडली होती की बाटली म्हटली की पिंपात. पोरं त्या बाटल्यांना 'चांगल्या बाटल्या' म्हणायची. धातूंसाठी त्या चांगल्याच. पण नायट्रिक ॲसिड म्हणजे नायट्रेटच की! बाटली नळाखाली एकदा खळबळून वापरली तर तळाशी राहिलेलं चमचाभर ॲसिडही अख्ख्या बाटलीला पिवळं करून सोडतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळायला हवं, आणि एवढे सगळे शहाणे असून आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

उमाने प्राचीला बोलावून घेतलं. मला म्हणाली, "सर, तुम्ही बसा." बहुधा एकटीने ऐकायची तिची हिंमत नव्हती.

"प्राची, बावीचं पाणी कुठल्या बाटलीत आणलं होतंस?"

"चांगल्या बाटलीत, मॅडम. पिंपातल्या."

"आणि नळाचं?"

"ते पाण्याच्या विकतच्या बाटलीत. रिकामी पडली होती घरी. चांगली एकच मिळाली होती ना, सगळ्यांनी उचलल्या होत्या. ती म्हटलं बावीसाठी ठेवते." आणि मग उमाच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजीची बाव म्हणून."

उमाने तिला पिंप दाखवलं. एम.एस्सी.ची हुशार पोरगी, दुसरं काही सांगावं लागलं नाही. ती तिथेच स्टुलावर बसली.

मला वाटलं, आता या दोघी बॅगा उचलतील आणि शिरगावला सुटतील. पण उमा म्हणाली, "घरी अजून काही बोलायचं नाही. एकदा अर्धवट सांगून बसलोय. बाटलीमुळे आकडा वाढला, हे नक्की. पण बावीत मुळात नायट्रेट नाहीच, हे कुठे नक्की आहे? असलं तर? घरात तान्हं बाळ आहे. नव्या बाटल्या, तीन नमुने, तीन रीडिंग. जुळली की मी स्वतः येऊन सांगेन." यात चूक काढायला जागा नव्हती. माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते. प्राचीने मान हलवली. ती शिकवलेलं ऐकणारी मुलगी होती, आधीही आणि आताही.

नव्या बाटल्या आल्या. प्राचीने पत्रा सरकवून गणपतीच्या आदल्या दिवशी तीन बाटल्या भरून आणल्या. मग कॉलेजला गणपतीची सुट्टी लागली आणि बाटल्या फ्रिजमध्ये राहिल्या. कॉलेज उघडल्यावर पहिलं रीडिंग आलं ते अगदी स्वच्छ. दुसरंही तसंच. तिसऱ्याच्या वेळी बशीतलं पाणी आटत असताना आमच्या कॅम्प चारची वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. प्राचीचा फोन आला. उमाने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, काका उद्या राबिट टाकून बाव बुजवतायत. तिकडे कॅम्पातली कुठली तरी बिल्डिंग पाडलीय, तिचं राबिट फुकट मिळतंय. पितृपक्ष लागायच्या आत काम उरकायचंय त्यांना. सांगू का घरी?"

उमाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिसरं उद्या सकाळी होईल. दुपारपर्यंत थांबव त्यांना."

"काय सांगून थांबवू?"

"सांग, मॅडम येतायत. महत्त्वाचं बोलायचंय."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "उमा, सांगून टाक. दोन आलीत ना स्वच्छ?" तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, तिसरं वेगळं आलं तर? पुन्हा गाणं बदलायला सांगू त्यांना? तीनशिवाय आकडा नाही, हे तुम्हीच शिकवलंत." मी छत्री उचलली आणि घरी गेलो. खरं तर तेव्हा तिच्याशी भांडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसरं रीडिंग आलं. स्वच्छ. पिण्याच्या पाण्याला जे म्हणून लागतं त्यापेक्षाही सरस. उमाने आकडा लिहिला, दोनदा तपासला, आणि फ्रिजमधली उरलेल्या पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली. का टाकली, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी माझी गाडी काढली. अंबरनाथच्या रस्त्यावर खोदकाम, त्यात ट्रकांची रांग, शिरगावला पोचेस्तोवर उन्हं कलायला लागली होती.

गल्लीच्या तोंडाशी रिकामा डंपर आमच्यासमोरून बाहेर पडला.

बावीचा कठडा दिसत नव्हता. विटांचे तुकडे, फरशा, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स, वाकलेल्या सळ्या, असा ढीग तिथे जमिनीच्या वर आला होता. कुणीतरी त्यावर दगड ठेवून उदबत्ती लावली होती. भावेश हात झटकत पुढे आला. "या मॅडम, या सर. पोरगी बोलली तुम्ही येताय म्हणून, पण डंपरवाला काय थांबतो का? त्याला पुढचं भाडं होतं. मी विचारलं हिला, काय काम आहे, तर सांगेना. बसा, चहा घ्या."

प्राची दारात उभी होती. डोळे सुजलेले. सकाळपासून ती "जरा थांबा, काका, मॅडम येतायत" एवढंच म्हणत राहिली होती, आणि "कला?", म्हणजे कशाला, याचं खरं उत्तर द्यायची तिला बंदी होती.

मोतीबाई ओटीवर, नेहमीच्याच भिंतीला टेकून बसली होती. उमा तिच्यासमोर जमिनीवर बसली. कम्युनिकेशन शिकवणारी बाई, पण तिला सुरुवात सापडेना. मग तिने सरळ सांगितलं. पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगितला. "आजी, बावीचं पाणी चांगलं होतं. चूक आमच्या बाटलीची होती. मी चुकले. फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

भावेशचा चेहरा उतरला. "आयला, मॅडम..." म्हणाला. ढिगाकडे पाठ करून उभा राहिला. बापाला दिलेला शब्द त्यालाही आठवला असणार.

मोतीबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिने नुसतं विचारलं, "ता गाना आथा परत कसा घेवाचा, बाय? पोरी गातान सगलीकरं. परवा वांगणीला गनपतीन गायली." मग स्वतःशीच म्हणाली, "मीच गायला. माझेच तोंडानी."

उमा रडायला लागली. रडता रडता पर्समध्ये रुमाल शोधत होती, तर हाताला ती बाटली लागली आणि तिने ती बाहेर काढून खाली ठेवली. मोतीबाईने विचारलं, "ये काय?"

"बावीचं पाणी, आजी," प्राची म्हणाली. "गणपतीच्या आदल्या दिवशी मी नेलेलं. उरलं होतं थोडं."

मोतीबाईने बाटली उचलली. झाकण फिरवायला तिला जमेना, ते प्राचीने काढून दिलं. लॅबमधलं काही तोंडाला लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. उमाचा हात सवयीने अर्धा वर आला आणि तसाच खाली गेला. म्हातारीने बाटली वर धरून, ओठ न लावता, सगळं पाणी प्यायलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला दिलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि भावेशकडे बघून म्हणाली, "गोड हाय."

भावेश आत निघून गेला.

मग तिने नातीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. आवाज अगदी मऊ होता. "पोरी, ये तुना काल म्हाईत नव्हता?"

"म्हाईत व्हता, आजी," प्राची म्हणाली. "पन नक्की नव्हता. नक्की नसतान सांगाचा नाय, म्हणून..."

मोतीबाईने मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं. रिकामी बाटली तिने पुसून उमाच्या हातात परत दिली आणि तितक्याच मऊपणे विचारलं, "मंग त्या पयल्या दिशी नक्की व्हता?"

उमाने बाटली घेतली. ती, प्राची आणि मी त्या ढिगाकडे बघत राहिलो.